बाळाची मेमरी आणि चुलीचा धूर

हवा खराब झाली की आपण खोकला, दमा, नेब्युलायझर एवढ्यावरच थांबतो, मुलांच्या डोक्याचं काय होतं हे फारसं कोणी विचारत नाही. आता सहा महिन्यांच्या बाळाची मेमरी तपासायची तरी कशी, त्याला तर बोलताही येत नाही!

उत्तर प्रदेशातल्या रायबरेली जिल्ह्यात, शिवगढ भागात ब्रिटनच्या ईस्ट अँग्लिया युनिव्हर्सिटीच्या टीमने हे केलं, २०२३ मध्ये रिझल्ट आले. बाळासमोर शेजारी शेजारी दोन बाजूंना रंगीत चौकोन दाखवायचे, ते क्षणभर दिसतात, गायब होतात, परत दिसतात. एका बाजूला दर वेळी एका चौकोनाचा रंग बदलतो, दुसरीकडे सगळं तसंच. आधीचे रंग लक्षात राहिले तर बाळाला बदल कळतो आणि ते त्याच बाजूला जास्त वेळ बघत बसतं. बास, एवढीच टेस्ट, मला तर भारी वाटली.

२१५ बाळं होती, घरातली हवाही मोजली. जिथे पीएम २.५, म्हणजे हवेतले अगदी बारीक कण, जास्त तिथल्या बाळांचा स्कोअर कमी, आणि घरची आर्थिक परिस्थिती हिशोबात धरूनही तेच. सगळ्यात खराब हवा कुठे, तर गोवऱ्यांवर स्वयंपाक होतो त्या घरांत. अर्थात धुरामुळेच झालं असं एवढ्यावरून छातीठोकपणे म्हणता येत नाही.

पण हे एकटंच नाहीये. बार्सिलोनात ३९ शाळांमधल्या ७ ते १० वर्षांच्या २७१५ मुलांच्या वर्षभरात चार वेळा टेस्ट घेतल्या, म्हणजे स्क्रीनवर एकामागून एक आकडे येतात आणि दोन आकड्यांपूर्वी हाच होता का ते सांगायचं. वर्किंग मेमरी, म्हणजे काही क्षण गोष्टी डोक्यात धरून ठेवायची ताकद, कमी प्रदूषित शाळांत ११.५ टक्के वाढली, ट्रॅफिकचा धूर जास्त असलेल्या शाळांत फक्त ७.४. तिथे चूल नव्हती, गाड्या होत्या.

सगळ्यात बारीक कण फुप्फुसातून रक्तात उतरतात, काही नाकातल्या वासाच्या नसेतून थेट मेंदूकडे जातात आणि तिथे सूज येऊ शकते असं मानतात. त्यात बाळ आपल्यापेक्षा भराभर श्वास घेतं, वजनाच्या मानाने हवाही जास्त ओढतं.

आपण मुंबई-पुण्याच्या एक्यूआयचे, म्हणजे हवा किती खराब ते सांगणाऱ्या आकड्याचे, स्क्रीनशॉट फिरवतो, त्यात स्वयंपाकघर कुठेच नसतं. सरकारच्या उज्ज्वला योजनेतून २०१६ पासून गॅस घरोघरी पोचला हे खरंय, पण रिफिलचे पैसे जड जातात म्हणून कितीतरी घरांत चहा गॅसवर आणि अंघोळीचं पाणी, भाकऱ्या चुलीवर, आणि बाळ तिथेच आईच्या मांडीवर.