शासकीय संशोधनातील आंतरराष्ट्रीय सहकार्य, नागपूर

दोन किंवा अधिक देशांच्या सरकारांनी आपापल्या तिजोरीतून पैसा घालून एखाद्या वैज्ञानिक वा तांत्रिक प्रश्नावर मिळून करविलेले संशोधन. संयुक्त राष्ट्रांसारख्या आंतरसरकारी संघटनेचा निधी असल्यास तोही यात धरतात. खासगी कंपन्यांचे करार आणि व्यक्तिगत शिष्यवृत्त्या यांचा समावेश करीत नाहीत. नागपुरात राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी), केंद्रीय कापूस संशोधन संस्था, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो, केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आणि जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र एवढ्या केंद्रीय संस्था एकाच शहरात असल्यामुळे पाणी, कापूस, माती, संत्री आणि खनिजे या विदर्भाच्या जिव्हाळ्याच्या विषयांवर असे सहकार्य येथे घडले. प्रस्तुत नोंद त्यापुरती मर्यादित आहे.

उगम : नागपूर परिसरातील अशा सहकार्याचा आरंभ केव्हा मानावा, याबाबत एकमत नाही. सर्वांत मागे जाणारे मत २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाकडे बोट दाखविते. खग्रास पट्टा कोकणात विजयदुर्गाजवळ भूमीवर येऊन ईशान्येस वऱ्हाड व मध्य प्रांतातून गेला. स्कॉटलंडचे राजज्योतिषी राल्फ कोपलंड यांनी मध्य प्रांतातील घोगली येथे आणि एच. एफ. न्यूअल व कॅप्टन हिल्स यांनी वर्धा जिल्ह्यातील पुलगाव येथे तळ ठोकून वेध घेतले. ब्रिटिश मोहिमांमागे रॉयल सोसायटी आणि रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी यांची संयुक्त ग्रहण समिती होती आणि पैशांचा मोठा भाग सरकारी अनुदानाचा होता. याच ग्रहणासाठी अमेरिकेतील लिक वेधशाळेचे डब्ल्यू. डब्ल्यू. कॅम्बेल जेऊर (सोलापूर जिल्हा) येथे आले होते आणि पुण्याचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांचा तळही तेथेच होता.

दोन देशांचे खगोलशास्त्रज्ञ एकाच गावाच्या माळावर दुर्बिणी रोखून उभे, हे चित्र सहकार्याचे खरेच. तथापि व्याख्येच्या कसोटीवर ते टिकत नाही. मध्य प्रांतातील मोहिमांना सरकारी पैसा होता, पण लंडन आणि नागपूर तेव्हा एकाच साम्राज्यात असल्याने त्यांत 'आंतरराष्ट्रीय' काही नव्हते. लिकची मोहीम परदेशी होती, पण तिचा खर्च क्रॉकर कुटुंबाच्या खासगी देणगीतून झाला. दोन्ही अटी एकाच मोहिमेत जुळत नाहीत. म्हणून १८९८ हे पूर्वरंगाचे वर्ष मानणे अधिक सयुक्तिक.

दुसरे मत दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीशी जोडलेले आहे. भारत सरकारच्या निमंत्रणावरून ब्रिटिश शरीरक्रियाविज्ञ ए. व्ही. हिल १९४३-४४ मध्ये भारतात आले व त्यांनी येथील संशोधनाच्या स्थितीवर अहवाल दिला. पाठोपाठ शांतिस्वरूप भटनागर, मेघनाद साहा आदी वैज्ञानिकांचे मंडळ ब्रिटन-अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. १९४५ मध्ये इंडियन सायन्स काँग्रेसचे अधिवेशन नागपुरात भरले आणि त्याचे अध्यक्षपद भटनागरांकडे होते. या योगायोगामुळे काही लेखक नागपूरला या घडामोडींच्या केंद्रस्थानी आणतात. अधिवेशन हे विचारविनिमयाचे ठिकाण असते. त्यातून नागपुरात संयुक्त संशोधन लगेच उभे राहिल्याचे दिसत नाही.

तिसरे मत १९५८ चे. या वर्षी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने (स्थापना १९४२) नागपुरात केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन केली. पाणीपुरवठा, मैला-सांडपाणी आणि त्यांतून पसरणारे रोग हे तिचे मूळ विषय. १९७४ मध्ये तिचे नाव राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था झाले आणि 'नीरी' हे संक्षिप्त नाव शहराच्या बोलण्यात रुळले. परकीय संस्थांशी संपर्क आरंभापासून असला, तरी समान प्रश्नावर, ठरलेल्या पद्धतीने, अनेक देशांत एकाच वेळी चाललेला प्रकल्प म्हणावा असे काम १९७५ च्या सुमारास सुरू झाले. प्रस्तुत नोंदीत तोच आरंभ ग्राह्य धरला आहे.

पीएल ४८० चा प्रश्न : या काळनिर्णयात आणखी एक अडचण आहे. अमेरिकेच्या १९५४ च्या सार्वजनिक कायदा ४८० अन्वये भारताने घेतलेल्या गव्हाची किंमत रुपयांत चुकती होत असे. ते रुपये अमेरिकन सरकारच्या खात्यावर भारतातच साठत आणि त्यांचा काही भाग १९६० नंतर येथील कृषी व अन्य संशोधनाला दिला जाई. पैसा कागदोपत्री अमेरिकेचा, नाणे भारताचे, प्रयोगशाळाही भारताची. यास परकीय साहाय्य म्हणावे, सहकार्य म्हणावे की आपलेच पैसे फिरून आले असे म्हणावे, यावर अर्थशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. फेब्रुवारी १९७४ मध्ये अमेरिकेने या शिलकेतील सुमारे १,६६४ कोटी रुपये भारताला परत करून टाकले. प्रश्न कोणता निवडावा यात दोन्ही पक्षांचा वाटा असेल तरच सहकार्य, हा निकष लावल्यास पीएल ४८० चे बहुतेक प्रकल्प साहाय्याच्या सदरात जातात.

मंद वाळू गाळण : नागपूरच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रकल्प. जागतिक आरोग्य संघटना व नेदरलँड्स सरकार यांच्या करारातून १९६८ मध्ये नेदरलँड्समध्ये सामुदायिक पाणीपुरवठ्याचे आंतरराष्ट्रीय संदर्भ केंद्र निघाले होते. त्याने १९७५ च्या सुमारास विकसनशील देशांतील संस्थांना घेऊन मंद वाळू गाळणीच्या अभ्यासाचा कार्यक्रम आखला. निधी नेदरलँड्सच्या विकास-सहकार्य खात्याचा होता. भारताखेरीज घाना, केनिया, सुदान, थायलंड आणि पुढे कोलंबिया व जमैका हे देश त्यात होते. भारताच्या बाजूने जबाबदारी नीरीकडे होती.

मंद वाळू गाळण ही पद्धत एकोणिसाव्या शतकातली आहे. सुमारे एक मीटर जाडीच्या बारीक वाळूच्या थरातून पाणी अत्यंत सावकाश, ताशी ०.१ ते ०.२ मीटर वेगाने, खाली उतरू देतात. काही दिवसांत वाळूच्या पृष्ठावर शेवाळ, जीवाणू आणि आदिजीव यांची दुधावरच्या सायीसारखी पातळ साय धरते. गाळण्याचे खरे काम ही साय व तिच्या खालचा सजीव थर करतात. रोगजंतूंचा मोठा भाग येथेच नाहीसा होतो. पाणी मुरेनासे झाले की वरची एक-दोन सेंटिमीटर वाळू खरवडून काढतात. तुरटी लागत नाही, यंत्रे जवळजवळ लागत नाहीत आणि गावातला शिकविलेला माणूस हे काम सांभाळू शकतो. युरोपात जागा व मजुरी महाग झाल्याने जलद गाळणी पुढे आल्या, त्यामुळे ही पद्धत कालबाह्य असल्याचा समज आपल्याकडील अभियंत्यांतही पसरला होता. तो चुकीचा होता, हे प्रयोगाने दाखवावे लागले.

नीरीच्या प्रयोगांतील कळीचा मुद्दा पाण्याच्या शुद्धतेपेक्षा गावातल्या दिनक्रमाचा होता. खेड्यात पंप दिवसा काही तासच चालतो. वीज जाते आणि चालकही संध्याकाळी घरी जातो. रात्री गाळण पूर्ण बंद ठेवली तर काय होते? प्रयोगांत असे दिसले, की प्रवाह थांबल्यावर सजीव थरातील प्राणवायू संपतो आणि सकाळी गाळण पुन्हा सुरू केल्यानंतर काही तास बाहेर पडणाऱ्या पाण्याची जैविक शुद्धता खालावते. म्हणून खंडित पद्धत टाळावी. यावर काढलेला तोडगा साधा होता : संध्याकाळी येणाऱ्या पाण्याची झडप बंद करावी, जाणाऱ्या पाण्याची उघडी ठेवावी. वाळूवर साचलेले पाणी रात्रभर मंदावत जाणाऱ्या वेगाने उतरत राहते, थर जिवंत राहतो आणि चालकाला जागे राहावे लागत नाही. घटत्या वेगाच्या गाळणीची ही रीत ग्रामीण गाळणीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात आली. गावच्या सवयीतून निघालेला प्रश्न इतर देशांनाही उपयोगी पडावा, हे या सहकार्याचे मोठेच फळ होय.

दुसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष गावांत गाळण्या बांधल्या गेल्या. भारतात महाराष्ट्र, आंध्र प्रदेश, हरियाणा आणि तमिळनाडू या राज्यांतील गावे निवडली होती. महाराष्ट्रातील गाव नागपूर जिल्ह्यातील बोरुजवाडा (ता. सावनेर) हे होते. बांधकामासोबत आरोग्यशिक्षण आणि ग्रामस्थांचा सहभाग हे प्रकल्पाचे घटक मानले होते. त्या काळातील पाणीयोजनांत ही गोष्ट सार्वत्रिक नव्हती.

नलगोंडा पद्धती : पाण्यातील जादा फ्लोराइड काढण्यासाठी नीरीने १९७० नंतरच्या दशकात विकसित केलेली पद्धत. नाव तेलंगणातील जिल्ह्याचे, काम नागपूरच्या संस्थेचे. तुरटी, चुना आणि विरंजक चूर्ण (ब्लीचिंग पावडर) पाण्यात घालून ढवळतात, साका खाली बसू देतात व वरचे पाणी गाळून घेतात. ती बादलीतही करता येत असल्याने टांझानिया व इथिओपियाच्या खचदरीच्या प्रदेशात तिचा वापर व फेरमांडणी झाली. येथे ज्ञानाचा प्रवाह नागपूरकडून बाहेर गेला, म्हणून या उदाहरणाचे मोल वेगळे. पाण्यात उरणारे ॲल्युमिनियम आणि साक्याची विल्हेवाट या तिच्या उणिवांवर पुढील संशोधकांनी लक्ष वेधले आहे.

माती : मृदा सर्वेक्षण ब्यूरोचे (१९७६) मुख्यालय अमरावती मार्गावर आहे. भारतीय मृदांचे वर्गीकरण अमेरिकन कृषी खात्याच्या पद्धतीनुसार करण्याचा प्रघात असल्याने आंतरराष्ट्रीय देवाणघेवाण या संस्थेच्या रोजच्या कामातच आहे. विदर्भातील काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी व पावसात फुगणारी जमीन या पद्धतीत 'व्हर्टिसॉल' गणात पडते. जागतिक पर्यावरण सुविधेच्या निधीतून २००२ ते २००५ या काळात चाललेल्या मृदा सेंद्रिय कार्बन प्रकल्पात ब्राझील, जॉर्डन, केनिया आणि भारत सहभागी होते. भारताच्या बाजूने हे काम ब्यूरोने केले आणि अभ्यासक्षेत्र सिंधू-गंगेचे मैदान होते. जमिनीचा वापर बदलल्यास तीत साठलेला कार्बन किती घटेल वा वाढेल, याचा अंदाज अमेरिकेच्या 'सेंच्युरी' व ब्रिटनच्या 'रॉथ-सी' या गणिती प्रतिमानांनी बांधण्यात आला. ही प्रतिमाने मुख्यतः समशीतोष्ण प्रदेशांतील नोंदींवर घडलेली, म्हणून भारतातील दीर्घकालीन खत-प्रयोगांच्या नोंदींशी ती ताडून पाहणे आवश्यक होते.

कापूस व इतर : केंद्रीय कापूस संशोधन संस्था (१९७६) ज्या बोंडअळीवर दीर्घकाळ काम करीत आली, तिला कपाशीवर अमेरिकन बोंडअळी आणि हरभऱ्यावर घाटेअळी म्हणतात, कीटक एकच. १९९० नंतर तिच्या कीटकनाशक-प्रतिकारावर भारत, चीन, पाकिस्तान व ब्रिटन येथील संस्थांनी मिळून काम केले आणि त्यास आंतरसरकारी वस्तुनिधीचे (कॉमन फंड फॉर कमॉडिटीज) पाठबळ मिळाले. भारत-पाकिस्तान सीमेवर तणाव असतानाही अळीच्या प्रतिकाराची मोजणी दोन्हीकडे व्हावी, हे कौतुकास्पद आहे. वाडी येथील ॲल्युमिनियम संशोधन केंद्र १९८९ मध्ये केंद्रीय खाण मंत्रालय आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांनी मिळून स्थापन केले. नागपूरच्या संस्थांत स्थापनेपासूनच आंतरराष्ट्रीय भागीदारी असलेले हे ठळक उदाहरण. संत्र्याच्या बाबतीत सहकार्याचा विषय प्रामुख्याने खुंट (ज्यावर कलम बांधतात ते मुळांसह रोप) व मूळकूज हा असतो. परदेशातून आणलेले खुंट दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जनुकीय संसाधन ब्यूरोच्या संसर्गनिरोध तपासणीतून गेल्याशिवाय बागेत येत नाहीत.

कार्यपद्धती व कायदे : द्विपक्षीय प्रकल्पांची सर्वसाधारण रीत अशी : दोन सरकारांत करार होतो, संयुक्त समिती विषय ठरविते, प्रत्येक देशाचा एक प्रमुख संशोधक मिळून प्रस्ताव देतात आणि दोन्हीकडे परीक्षण होते. पैसा सहसा सीमा ओलांडत नाही. प्रत्येक सरकार आपल्या संशोधकाचा खर्च करते. भेटींच्या बाबतीत पाठविणारा देश विमानभाडे देतो, यजमान देश राहण्याजेवण्याची सोय पाहतो. फ्रान्सबरोबरचे प्रगत संशोधन केंद्र (१९८७), सोव्हिएत संघाबरोबरचा दीर्घकालीन कार्यक्रम (१९८७) आणि अमेरिकेबरोबरचा विज्ञान-तंत्रज्ञान मंच (२०००) या राष्ट्रीय चौकटींतून नागपूरच्या संस्थाही अर्ज करीत आल्या आहेत. अमेरिकेबरोबरचा सर्वसमावेशक करार बौद्धिक संपदेच्या वादामुळे दीर्घकाळ रखडून २००५ मध्ये झाला.

कापूस व संत्र्यासाठी सर्वांत निर्णायक कायदा जैविक विविधता अधिनियम, २००२ हा होय. परदेशी संस्थेला जैविक संसाधन मिळविण्यास किंवा त्यावरील संशोधनाचे निष्कर्ष देण्यास चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वमान्यता लागते. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांत बसणाऱ्या आणि मान्यता मिळालेल्या सहयोगी प्रकल्पांना कलम ५ मध्ये सवलत आहे. बियाण्याचे पाकीट टपालात टाकण्यापूर्वी संशोधकाने हे कलम वाचलेले असणे इष्ट. मृदा-नकाशांबाबतचे निर्बंध २०२१ च्या भूस्थानिक मार्गदर्शक तत्त्वांनी बरेच सैल केले. युरोपीय संघाबरोबर भारताचा करार २००१ चा आहे. २०१४ पासूनच्या युरोपीय चौकट-कार्यक्रमात भारतीय संस्थांना आपोआप मिळणारा निधी थांबल्याने निवडक विषयांत भारताच्या विज्ञान-तंत्रज्ञान व जैवतंत्रज्ञान विभागांनी समांतर निधी देण्याची पद्धत सुरू केली.