घरपोच शिधावाटप (मराठवाडा)

घरपोच शिधावाटप : राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ खालील धान्य लाभार्थ्याच्या उंबऱ्यापर्यंत पोचवणे व त्यासंबंधीचे नियमन. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत शिधापत्रिकेची नोंद, कोटा आणि ओळख पटवणे हे सारे ऑनलाइन झाले आहे. धान्य मात्र रास्त भाव दुकानाच्या दारातच थांबते.

या दुकानाला ग्रामीण भागात ‘कंट्रोल’ म्हणतात. हा शब्द दुसऱ्या महायुद्धकाळातील नियंत्रण हुकुमांमधून आला असावा. मुंबईत शिधावाटप २ मे १९४३ रोजी सुरू झाले. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. तिथले नियंत्रण आणि शेतकऱ्यांकडून सक्तीने घेतली जाणारी धान्याची लेव्ही संस्थानी हुकुमांनी चाले. त्यामुळे शब्द मुंबईकडून आला की संस्थानी कारभारातून, हे निश्चित सांगता येत नाही. लेव्हीचा जाच गावोगाव पोचला होता हे पाहता दुसरी शक्यता अधिक ग्राह्य वाटते.

‘द्वारपोच’ या शब्दाने अधिक घोटाळा होतो. राज्याच्या पुरवठा विभागाची ‘द्वारपोच योजना’ म्हणजे शासकीय गोदामातून दुकानापर्यंतची वाहतूक. कायद्याच्या कलम १२ मध्येही दारपोच पुरवठा आहे तो विक्रीकेंद्रांना. कलम २४ राज्यावर दोन जबाबदाऱ्या टाकते : धान्य प्रत्येक रास्त भाव दुकानाच्या दाराशी पोचवणे आणि हक्कदार व्यक्तीला ते प्रत्यक्ष मिळेल याची खात्री करणे. दुसऱ्या वाक्यात घराचे दार येते की नाही, हाच वादाचा मुद्दा. पश्चिम बंगालची ‘दुआरे रेशन’ योजना कलकत्ता उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये कायद्याच्या कक्षेबाहेरची ठरवली. राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले. दिल्लीची घरपोच योजना तेथील उच्च न्यायालयाने त्याच वर्षी मे महिन्यात रद्द केली, पण त्यामागे नायब राज्यपालांच्या असहमतीचा प्रश्न होता. दोन्ही निकाल एकाच मापाने मोजणे बरोबर नाही. कलम ३२ राज्यांना स्वतःच्या साधनांतून कायद्याहून अधिक लाभ देण्याची मुभा देते. दुकान कायम ठेवून तिथूनच वृद्ध व दिव्यांगांच्या घरी धान्य नेले, तर कायद्याच्या शब्दालाही बाध येत नाही, हा अर्थ अधिक सयुक्तिक दिसतो. तमिळनाडूने ऑगस्ट २०२५ मध्ये ७० वर्षांवरील व दिव्यांग कार्डधारकांसाठी याच धर्तीवर घरपोच वाटप सुरू केले.

प्रत्यक्ष वाटपाचे नियमन अत्यावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ खालील २०१५ च्या लक्ष्यनिर्धारित सार्वजनिक वितरण व्यवस्था (नियंत्रण) आदेशाने होते. अंत्योदय (सर्वांत गरीब) कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य गटात माणशी ५ किलो धान्य मिळते; १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. दुकानदार ई-पॉस (ओळख पटवून विक्री नोंदवणाऱ्या) यंत्रावर शिधापत्रिकेचा बारा अंकी क्रमांक टाकतो, घरातला कोणीतरी अंगठा लावतो, आधारशी मेळ बसला की पावती निघते. कायद्याचा सगळा भर या क्षणावर आहे. ऊस तोडून, कापूस वेचून झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र पुष्कळदा ओळखत नाही. रेंज नसली की तोही प्रश्न उरत नाही, सगळेच माघारी जातात. तांड्यावरून किंवा वस्तीवरून पायी आलेल्या म्हातारीला दुसरी खेप म्हणजे दुसरा दिवस. त्यासाठी डोळ्यांच्या बुबुळाची पडताळणी व मोबाइलवरचा ओटीपी हे मार्ग आणले गेले, पण ओटीपीचा मोबाइल घरातल्या तरुणाकडे असतो आणि तरुण बहुधा कारखान्यावर.

पोर्टेबिलिटी, म्हणजे कोणत्याही रास्त भाव दुकानातून आपला वाटा उचलण्याची सोय, इथे खऱ्या अर्थाने उपयोगी ठरते. ‘एक देश एक रेशन कार्ड’चा पहिला प्रयोग ऑगस्ट २०१९ मध्ये झाला, त्यातील एक जोडी महाराष्ट्र-गुजरात होती. बीड, जालना, परभणीचे ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास उचल (आगाऊ रक्कम) घेऊन निघतात ते पट्टा पडेपर्यंत (हंगाम संपेपर्यंत) पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात राहतात. अशा कुटुंबाला वाटा तिथल्या दुकानातून उचलता येतो. मागे राहिलेल्या आजी-आजोबांना उरलेला वाटा गावात. मात्र कामगारांची कोपी (झोपडी) उसाच्या फडाजवळ आणि दुकान गावठाणात, त्यामुळे दाराचा प्रश्न तिकडेही सुटत नाही.

मराठवाड्याचा एक अपवाद नोंदवायला हवा. शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना (मराठवाड्याचे आठही जिल्हे त्यांत येतात) २०१५ पासून अन्नसुरक्षा दराने धान्य मिळे. केंद्राकडून या योजनेसाठीचे धान्य थांबल्यावर २०२३ पासून त्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये महिला कुटुंबप्रमुखाच्या बँक खात्यात जमा होऊ लागले. पुढे ते १७० झाले. घरपोच धान्याऐवजी खातेपोच रक्कम, असा हा बदल. बाजारभाव चढला तर या रकमेत ५ किलो धान्य येईलच असे नाही, आणि बँकेची शाखा कंट्रोलहून लांब असते.

व्यापारी संकेतस्थळांवरून शिध्याचे धान्य मागवण्याची सोय नाही. हिमाचल प्रदेशात ऊना व हमीरपूर जिल्ह्यांतील ११ रास्त भाव दुकाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ओएनडीसी या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या खुल्या जाळ्यावर आली, पण ती इतर वस्तूंच्या विक्रीसाठी. अमेरिकेत अन्नसाहाय्याच्या कार्डावर ऑनलाइन किराणा मागवण्याचा प्रयोग एप्रिल २०१९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात सुरू झाला. तिथे साहाय्याच्या पैशातून घरपोच आकार भरता येत नाही. मराठवाड्यात वहनावळीचा हा प्रश्न थेट दुकानदाराशी येऊन भिडतो : दीर्घकाळ क्विंटलमागे १५० रुपये मार्जिन घेणाऱ्याने पोते वस्तीवर कोणाच्या खर्चाने न्यायचे, याची तरतूद २०१५ च्या आदेशात नाही. तक्रारीसाठी १९६७ हा क्रमांक, जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि राज्य अन्न आयोग हे टप्पे आहेत.