जुनं खणांचं कपाट घेण्याआधी

आमची एकच विनंती आहे. भाव विचारण्याआधी कपाटाचा सर्वांत खालचा खण पूर्ण बाहेर काढा आणि जमिनीवर उलटा ठेवून बघा. वरची फळी घासून नवी करता येते, पितळी कड्या बदलता येतात. खणाच्या पाठीपोटाला मात्र सहसा कोणी हात लावलेला नसतो, आणि कपाटाचं खरं वय तिथेच कळतं. आमच्याकडे घ्या किंवा मुंबईच्या चोर बाजारात, पाहण्याची रीत हीच.

खण उलटा केल्यावर

आधी कोपरे बघा. समोरची आणि बाजूची फळी एकमेकींत अडकवणारे तिरपे दात दिसतील. सुतार त्याला डव्हटेल म्हणतात. पटाशीने हाताने कापलेले असतील तर कोणतेही दोन दात तंतोतंत सारखे नसतात, आणि आखणीची बारीक रेघ फळीवर तशीच राहिलेली असते. सगळे दात हुबेहूब एकसारखे असतील तर ते यंत्राचं काम. यंत्राचं काम वाईट नसतं, पण तेच कपाट कोणी ‘दीडशे वर्षांपूर्वीचं, हातकामाचं’ म्हणून विकत असेल तर भावावर पुन्हा बोला.

मग तळाची फळी. ती अखंड लाकडाची असेल तर इतक्या वर्षांत रुंदीत आकसलेली असते. कडेला फट किंवा मधोमध चीर दिसते. ती खोड समजू नका. तळाला प्लायवूड असेल तर कपाट अलीकडचं आहे किंवा तळ बदललेला आहे. स्क्रूच्या डोक्यावर फुलीची खाच असेल तर तो स्क्रू १९३० च्या दशकाच्या आधीचा असू शकत नाही. अर्थात एका स्क्रूवरून सगळं कपाट नवं ठरत नाही, मधल्या काळात कोणीतरी दुरुस्ती केलेली असते.

दर्शनी फळीची आतली बाजूही तपासा. कडीच्या शेजारी बुजवलेली भोकं असतील तर कड्या बदलल्या आहेत. खणाच्या खालच्या कडा वर्षानुवर्षं ओढून झिजलेल्या असायला हव्यात. आणि रंग: जिथे हात पोचतो तिथलं लाकूड काळवंडतं, आतल्या कोपऱ्यातलं तेवढं नाही. सगळीकडे एकसारखा गडद तपकिरी रंग दिसला तर तो डब्यातून आलेला आहे.

आमच्याकडे काय येतं

बहुतेक माल सागाचा. त्यातला बराचसा ब्रह्मदेशातला, म्हणजे आपण ज्याला बर्मा टीक म्हणतो तो. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी १८६३ साली निघाली ती याच व्यापारातून मोठी झाली. शिसवीची कपाटं कमी येतात आणि आली तर चार माणसांशिवाय हलत नाहीत. एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिसवीवर दाट कोरीव काम करून सामान बनत असे. देखणं असतं, पण दोन खोल्यांच्या घरात ते सगळी खोली खाऊन टाकतं, हे आम्ही विकणारे असूनही सांगतो. १९३०-४० च्या सुमाराची गोल कोपऱ्यांची, आर्ट डेको धाटणीची ड्रेसिंग टेबलंही मिळतात. त्यांच्यावर पातळ व्हिनिअर (वरून चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा) असतं. कुठे सुटलंय का ते नखाने टकटक करून ऐका, पोकळ आवाज लगेच कळतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना आम्ही ‘कॅम्पेन चेस्ट’ आवर्जून दाखवतो. ब्रिटिश फौजेतल्या अधिकाऱ्यांच्या मुक्कामासाठी केलेलं हे कपाट एकावर एक ठेवलेल्या दोन भागांचं असतं. पाय फिरवून काढता येतात, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या असतात आणि कड्या फळीतच बुडवलेल्या असतात, म्हणजे सामान बांधताना काही अडकू नये. लिफ्टमध्ये न मावणारं कपाट जिन्यावरून चढवताना याचं मोल कळतं. मात्र वरचा आणि खालचा भाग एकाच कपाटाचा आहे ना, हे दोन्हींतले खण शेजारी ठेवून पडताळा. असे जोड जुळवून विकले जातात, आणि हुबेहूब नवी कपाटंही भरपूर बनतात.

दुरुस्ती

जुने सांधे सरसाने जोडलेले असतात. सरस गरम पाण्याने सैल होतो, त्यामुळे सांधा न मोडता उघडता येतो आणि परत बसवता येतो. फेविकॉलचा सांधा असा सुटत नाही, लाकूडच फाटतं. म्हणून आम्ही सरसच वापरतो. घरी एखादी पट्टी सुटली तर कृपा करून ती स्वतः चिकटवू नका, तुकडा जपून ठेवा आणि आम्हाला कळवा.

पॉलिश लाखेचं करतो, पीयूचं (पॉलियुरेथेन या प्लास्टिकसारख्या लेपाचं) नाही. पीयूला काचेसारखी चकाकी येते, पण एक ओरखडा पडला की सगळं खरवडावं लागतं. लाखेवर तेवढ्याच जागी हात मारता येतो. तोटाही सांगतो: गरम कप, अत्तर आणि सॅनिटायझर यांचा लाखेवर डाग पडतो. वर कापड किंवा काच ठेवा. वरच्या फळीवर कोणे एके काळी हौसेने सनमायका चिकटवलेला असेल तर तो काढायला वेळ लागतो, आणि खाली काय निघेल याची खात्री आधी देता येत नाही.

घरी नेल्यावर

दरवर्षी जुलैत फोन येतात: खण अडकला. साग लांबीत जवळजवळ फुगत नाही, रुंदीत फुगतो. म्हणून उंच खण आधी अडकतात. अशा वेळी सुताराला बोलावून रंधा मारून घेऊ नका. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तोच खण खडखडू लागेल. खालच्या कडेला मेणबत्ती घासा आणि थांबा. तेल लावू नका, धूळ धरतं.

कपाट ओल येणाऱ्या भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, पण मागच्या फळ्या बऱ्याचदा हलक्या लाकडाच्या असतात, वाळवी तिथून शिरते. खणाखाली बारीक पीठ पडलेलं दिसलं तर तो भुंग्याचा उद्योग, लगेच सांगा. घरात लहान मुलं असतील तर कपाट मागून पट्टीने भिंतीला बांधून घ्या. मुलं खण उघडून त्यावर पायरीसारखी चढतात, आणि सगळे खण एकदम बाहेर आले की जड कपाटही पुढे कलंडतं.

कागदपत्रं

बाजारात प्रत्येक जुन्या वस्तूला ‘अँटिक’ म्हणतात. १९७२ च्या पुरावशेष कायद्याचा निकष साधारणपणे शंभर वर्षांचा आहे, आणि अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. कुठेही घ्या, तो पाहायला मागा. आम्ही पावतीवर अंदाजे काळ, लाकूड आणि बदललेले भाग लिहून देतो.

कपाट परदेशातल्या मुलांकडे पाठवायचं असेल तर खरेदीआधीच सांगा. शंभर वर्षांवरची कलाकुसरीची वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. त्याहून अलीकडची पण जुनी दिसणारी वस्तू असेल तर ती पुरावशेष नाही असा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा दाखला घेतलेला बरा, नाहीतर कस्टममध्ये अडकते. शिसवी २०१७ पासून साइट्स (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या) कराराच्या यादीत आहे, तिची कागदपत्रं वेगळी. अशा गिऱ्हाइकांना आम्ही साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं सागाचं कपाटच सुचवतो.