मूल अठरा वर्षांचं झालं की : दिव्यांग मुलासाठी कायदेशीर पालकत्वाचा अर्ज

आमच्या केंद्रात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी पालकांची बैठक असते. हॉलमध्ये मुलं पणत्या रंगवतात, पाकिटं चिकटवतात, कुणाचा वाढदिवस असला तर गाणी होतात. शेजारच्या खोलीत आम्ही आईवडिलांना घेऊन कागदपत्रांचं बोलत बसतो. या खोलीत सगळ्यात जास्त वेळ जातो तो कायदेशीर पालकत्वावर. सुरुवात बहुतेक वेळा एकाच गोष्टीने होते. मुलाच्या नावची एफडी मोडायला गेलेल्या आईला बँकेतून परत पाठवलेलं असतं. मुलगा आता सज्ञान आहे, सही त्याचीच हवी, असं तिला सांगितलेलं असतं. मुलाला तर सही येत नाही. वीस-बावीस वर्षं त्याला भरवणाऱ्या, आंघोळ घालणाऱ्या आईला हे ऐकून काय वाटतं, ते त्या खोलीत दिसतं.

पण बँकेचं म्हणणं कायद्याला धरून असतं. मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत आईवडील त्याचे नैसर्गिक पालक. अठरा पूर्ण झाली की तो अधिकार संपतो, मग मुलाची समज चार वर्षांच्या बाळाएवढी असली तरी. पुढे त्याच्या वतीने सही करायची तर पालकत्वाचं प्रमाणपत्र लागतं. ते मिळवायची वाट राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ मध्ये आहे. पालक त्याला 'नॅशनल ट्रस्ट' म्हणूनच ओळखतात. त्यासाठी कोर्टात जावं लागत नाही. जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करायचा. समितीत जिल्हाधिकारी, नॅशनल ट्रस्टकडे नोंदणी असलेल्या संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती, असे तिघे असतात.

कुणासाठी

हा कायदा चारच प्रकारच्या दिव्यांगत्वासाठी आहे : स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा न राहणं), बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता (एकाहून जास्त दिव्यांगत्वं एकत्र). केवळ अंध किंवा केवळ कर्णबधिर व्यक्तीला हा अर्ज लागत नाही. तिचे निर्णय तीच घेते. स्किझोफ्रेनियासारखा मानसिक आजारही यात बसत नाही, त्याची वाट वेगळी आहे. सेरेब्रल पाल्सी आहे म्हणून पालक नेमलाच पाहिजे, असंही नाही. शरीर साथ देत नसलं तरी ज्याला व्यवहार नीट कळतो, त्याच्या डोक्यावर पालक बसवणं अन्यायाचं आहे. म्हणून पालकाची खरंच गरज आहे का आणि कोणकोणत्या कामांसाठी आहे, हे समितीने तपासावं असं कलम १४ सांगतं. अर्जातही 'सर्व कामांसाठी' एवढंच लिहून मोकळं होऊ नका. बँक खातं, पेन्शन, औषधोपचार, वडिलोपार्जित घरातला हिस्सा, जे असेल ते नाव घेऊन लिहा.

पालक कोण होऊ शकतं

अर्ज आईवडिलांनी मिळून करायचा. एकजण हयात नसेल किंवा घटस्फोट झाला असेल, तर दुसऱ्याने एकट्याने. दोघंही नसतील तर भावंडं, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते. आईवडील स्वतःचं नाव सुचवू शकतात, तसंच विश्वासातल्या दुसऱ्या माणसाचंही. ज्याचं नाव सुचवलं त्याची लेखी संमती लागतेच.

दोन अटींवर बरेच अर्ज अडतात. पहिली, पालक भारताचा नागरिक हवा. एकच भावंड, तेही अमेरिकेत जाऊन तिथलं नागरिकत्व घेतलेलं, अशी घरं आपल्याकडे आता थोडी नाहीत. त्या भावाची किंवा बहिणीची माया कितीही असो, पालक म्हणून त्या भावंडाचं नाव चालत नाही. मग इथली मामेबहीण, चुलतभाऊ, पुतण्या यांच्यापैकी कुणाशी तरी वेळेत बोलावं लागतं. दुसरी अट मुलींसाठी आहे. मुलगी असेल तर एकट्या पुरुषाला पालकत्व देत नाहीत. विवाहित पुरुषाला पत्नीसोबत संयुक्त पालकत्व मिळतं आणि त्यात मुख्य पालक पत्नी असते. त्यामुळे 'काका बघतील' असं ठरवताना काकूशीही बोलून घ्या. याशिवाय पालक दिवाळखोर किंवा गुन्ह्यात शिक्षा झालेला नसावा, आणि स्वतःच दुसऱ्याच्या आधारावर जगणारा नसावा.

माझं कळकळीचं सांगणं एकच आहे. सत्तरीला आलेले आईवडील फक्त स्वतःचं नाव लावून घरी जातात. पालक वारला की त्याचं प्रमाणपत्र संपतं. ते वारसाकडे आपोआप जात नाही. तुमच्यानंतर कोण, हे तुम्ही असतानाच ठरलं आणि त्या माणसाने ते मनापासून मान्य केलं, तर तुमचं मूल रस्त्यावर येत नाही.

कागद

अर्ज 'फॉर्म ए' मध्ये असतो. सोबत दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), मुलाच्या वयाचा पुरावा (जन्मदाखला, नाहीतर शाळा सोडल्याचा दाखला), मुलाचं आणि होणाऱ्या पालकाचं आधार, रहिवासाचा पुरावा आणि फोटो. आईवडिलांपैकी कुणी वारलं असेल तर मृत्यूचा दाखला. मुलाच्या नावावर घर, शेत, ठेवी असतील तर त्याचे कागद. इतर भावंडांची ना हरकत बऱ्याच जिल्ह्यांत मागतात. नाही मागितली तरी घ्या, पुढची भांडणं टळतात.

नावं जुळवून घ्या. आधारवर एक स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर दुसरं आणि दिव्यांग प्रमाणपत्रावर वडिलांचं नावच नाही, असे संच आमच्या टेबलावर दर महिन्याला येतात. आधी आधार किंवा यूडीआयडी दुरुस्त करा, मगच अर्ज द्या.

फोटोबद्दलही सांगते. बऱ्याच ठिकाणी मुलाचा आणि पालकाचा एकत्र फोटो लागतो. आमच्या एका मुलाला फ्लॅशची भीती वाटते. स्टुडिओत दोनदा नेलं, दोन्ही वेळा तो कानावर हात ठेवून खाली बसला. शेवटी केंद्राच्या खिडकीजवळ, त्याच्या रंगवायच्या नेहमीच्या जागी, बहिणीने त्याचा हात धरला आणि आम्ही मोबाइलवर फोटो काढला. तोच प्रिंट करून लावला आणि तो चालला. हे आधी सुचलं असतं तर त्या पोराचे दोन दिवस वाचले असते.

कुठे द्यायचा

दिव्यांग व्यक्ती ज्या जिल्ह्यात राहते, तिथल्या समितीकडे. मुंबईत शहर आणि उपनगर हे दोन जिल्हे आहेत, त्यामुळे दादरच्या माणसाने फोर्टला आणि अंधेरीच्या माणसाने वांद्रे पूर्वेला जायचं. अर्ज नॅशनल ट्रस्टच्या संकेतस्थळावरूनही भरता येतो. जवळच्या नोंदणीकृत संस्थेतले लोक तो भरून देतात. एजंटाला पैसे देऊ नका. पोच घ्या, तिच्यावर तारीख आणि शिक्का बघा. समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा बसायचं असं कायद्यातच आहे. म्हणून पाठपुरावा करताना 'पुढची बैठक कधी?' हाच प्रश्न विचारा आणि शक्यतो लेखी. बैठकीला मुलाला न्यावं लागलं तर त्याचा डबा, आवडीची वस्तू, औषध बरोबर असू द्या. मंजुरी मिळाली की 'फॉर्म बी' मध्ये पालकत्वाचा कागद हातात येतो.

बँका हे प्रमाणपत्र मानतात. रिझर्व्ह बँकेने तसं २००७ मध्येच कळवलेलं आहे. शाखेत कुणी कोर्टाचा हुकूम मागितला तर शांतपणे हे सांगा आणि नकार लेखी मागा. आईवडील सरकारी नोकरीतले असतील तर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी मुलाचं नाव हयातीतच नोंदवून घ्या. याच चार प्रकारांतल्या व्यक्तींसाठी 'निरामय' ही वर्षाला एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. बहुतेक कागद तेच लागतात, तर एकाच हेलपाट्यात दोन्ही कामं करा.

प्रमाणपत्र मिळाल्यावर

पालक म्हणजे मालक नव्हे. नेमणुकीपासून सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची, येण्या-देण्याची यादी समितीला द्यायची. त्यानंतर दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत, म्हणजे ३० जूनपर्यंत, हिशोब द्यायचा. पालक मुलाकडे दुर्लक्ष करतोय, त्याला त्रास देतोय किंवा त्याचे पैसे खातोय असं दिसलं, तर आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था कलम १७ खाली त्याला काढण्याचा अर्ज करू शकते. शेजाऱ्याला संशय आला तर त्याने गप्प न बसता जवळच्या संस्थेला कळवावं.

हिशोबासाठी आम्ही पालकांना साधी दोनशे पानी वही करायला सांगतो. डाव्या पानावर आलेले पैसे, उजव्या पानावर खर्च, पावत्या मागे पिन करून. ज्यांचे अर्ज मंजूर झालेत त्यांनी मे महिन्याच्या बैठकीला ती वही घेऊन यावं. जूनपर्यंत द्यायचा हिशोब आम्ही तिथेच बसून लिहून घेतो.