भाषण तेच, आवाज बाईचा

नव्या नोकरीत साहेब म्हणून तुम्हाला पुरुष आवडेल की स्त्री? जनमत चाचण्या घेणारी गॅलप ही संस्था अमेरिकेत हा प्रश्न १९५३ पासून विचारत आली आहे. तेव्हा ६६ टक्के लोकांनी पुरुष म्हटलं होतं, ५ टक्क्यांनी स्त्री. २०१७ मध्ये हे आकडे २३ आणि २१ झाले, आणि निम्म्याहून जास्त लोक म्हणाले, काही फरक पडत नाही. वाचून हायसं वाटतं. पण संशोधक अशा उत्तरांवर लगेच विश्वास ठेवत नाहीत. कुणी तोंडावर विचारलं की माणूस शोभेल तेच बोलतो.

त्यावर एक नामी युक्ती आहे. लोकांचे दोन गट करायचे. एका गटाला चार गोष्टी वाचून दाखवायच्या (पेट्रोलचे वाढते भाव, खेळाडूंचे अवाढव्य पगार वगैरे) आणि विचारायचं: यातल्या किती गोष्टींचा तुम्हाला राग येतो? कोणत्या ते सांगायचं नाही, फक्त आकडा. दुसऱ्या गटाला त्याच चार आणि वर पाचवी: राष्ट्राध्यक्षपदी स्त्री. दोन्ही गटांच्या सरासरीतला फरक म्हणजे पाचव्या गोष्टीवर रागावलेल्यांचं प्रमाण. कुणाचंही गुपित उघडं पडत नाही. अमेरिकेतल्या अशा एका पाहणीचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा हे प्रमाण सुमारे २६ टक्के निघालं. त्याच सुमारास थेट विचारल्यावर दहातले जवळजवळ नऊ जण स्त्री उमेदवाराला मत द्यायला तयार होते! हे दोन प्रश्न अगदी एक नव्हेत, हे खरं. मत देणाराही मनातून धुसफुसत असू शकतो. तरी एवढी तफावत दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

हा राग येतो कुठून? १९७३ मध्ये व्हर्जिनिया शाइन यांनी विमा कंपन्यांमधल्या ३०० पुरुष व्यवस्थापकांना ९२ गुणविशेषांची यादी दिली. काहींनी ती ‘पुरुष’ डोळ्यांपुढे ठेवून भरायची, काहींनी ‘स्त्री’, काहींनी ‘यशस्वी व्यवस्थापक’. यशस्वी व्यवस्थापकाचं चित्र पुरुषाच्या चित्राशी जुळलं. दोन वर्षांनी स्त्री व्यवस्थापकांनी यादी भरली तेव्हाही तेच झालं. म्हणजे हा केवळ पुरुषांचा पूर्वग्रह नव्हता.

अ‍ॅलिस ईगली आणि स्टीव्हन काराऊ यांनी २००२ मध्ये या कोंडीची नेमकी मांडणी केली. लोक बाईकडून मायाळूपणाची अपेक्षा ठेवतात आणि नेत्याकडून ठामपणाची. मवाळ राहिली तर ‘हिला जमणार नाही’, ठाम झाली तर ‘फारच तोरा आहे’. मॅडलिन हाइलमन आणि सहकाऱ्यांच्या २००४ मधल्या प्रयोगात हे लख्ख दिसलं. पुरुषी समजल्या जाणाऱ्या कामातल्या अधिकाऱ्याची माहिती लोकांना वाचायला दिली. कुणाला ती पुरुषाच्या नावाने, कुणाला स्त्रीच्या. कामगिरी कशी ते स्पष्ट नसलं की स्त्रीची कुवत कमी धरली जाई. ती उत्तम असल्याचं स्पष्ट लिहिलेलं असलं की कुवतीत दोघं बरोबरीचे ठरत, पण मग स्त्री नावडती होई. मला यातली दुसरी अडचण जास्त चिवट वाटते. कुवत कामातून सिद्ध करता येते. आवडतं होण्यासाठी काय सिद्ध करणार?

आता भारताकडे वळू, कारण या विषयातला सगळ्यात मोलाचा पुरावा इथलाच आहे. १९९३ पासून ग्रामपंचायतींच्या प्रमुखपदांपैकी एक तृतीयांश पदं स्त्रियांसाठी राखीव झाली. पश्चिम बंगालमध्ये कोणत्या पंचायतीवर आरक्षण यायचं ते जणू चिठ्ठी टाकल्यासारखं ठरत होतं, त्यामुळे संशोधकांना आयता प्रयोग मिळाला. लोरी बीमन, राघवेंद्र चट्टोपाध्याय, एस्थर डफ्लो, रोहिणी पांडे आणि पेटिया टोपालोव्हा यांनी गावकऱ्यांना प्रधानाचं (म्हणजे तिथल्या सरपंचाचं) एक भाषण ऐकवलं. शब्द तेच, मात्र काहींना पुरुषाच्या आवाजात, काहींना बाईच्या. जिथे कधीच स्त्री प्रधान नव्हती, तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजातल्या भाषणाला कमी गुण दिले. जिथे आरक्षण येऊन गेलं होतं, तिथे ही तफावत उरली नाही.

मात्र ‘नेता म्हणून कोण हवा’ असं सरळ विचारलं, तर आरक्षण येऊन गेलेल्या गावांतही पुरुषालाच पसंती होती. कुवतीबद्दलचं मत बदललं, आवड जागच्या जागी. तरीही मतपेटीत फरक पडला: ज्या पंचायती लागोपाठ दोन वेळा राखीव होत्या, तिथे नंतर खुल्या जागांवरही जास्त स्त्रिया उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या.

याच चमूतल्या काहींनी पुढे ४९५ गावांतली ११ ते १५ वर्षांची मुलं आणि त्यांचे पालक यांच्याशी बोलून २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. दोन मुदती स्त्री प्रधान असलेल्या गावांत, मुलगे आणि मुलींच्या आकांक्षांमधली दरी मुलामुलींच्या स्वतःच्या उत्तरांत ३२ टक्क्यांनी कमी झाली होती, आईवडिलांच्या उत्तरांत २० टक्क्यांनी. शिक्षणातला फरक तर नाहीसाच झाला, आणि मुलींचा घरकामात जाणारा वेळही घटला. तरुण स्त्रियांसाठी रोजगाराच्या संधी वाढल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही, म्हणून संशोधकांनी या बदलाचं श्रेय मुख्यतः समोर दिसणाऱ्या उदाहरणाला दिलं. दोन्ही अभ्यासांत दोन मुदतींचा उल्लेख येतो, तो मला महत्त्वाचा वाटतो. राखीव जागा दर निवडणुकीला दुसरीकडे सरकवायची पद्धत जिथे आहे, तिथे बहुतेक गावांच्या वाट्याला एकच मुदत येते.