मोठ्या निगेटिव्हचे स्कॅनिंग : खर्च कुठे करावा, कुठे वाचवावा

४×५ किंवा ८×१० इंचांच्या निगेटिव्ह घेऊन येणारे बरेच ग्राहक विचारतात, महागडे ड्रम स्कॅन (फिल्म फिरत्या नळकांड्यावर चिकटवून केलेले) करावेच लागेल का? बहुतेक वेळा नाही. फिल्मच एवढी मोठी असते की साध्या साधनांनीही भरपूर तपशील हाती लागतो. ४×५ची निगेटिव्ह २००० डीपीआयला (दर इंचाला २००० ठिपके) स्कॅन केली तर ८०००×१०००० पिक्सेलची फाइल मिळते, आणि तिची ३०० डीपीआयने सुमारे २६×३३ इंचांची प्रिंट निघते.

घरी करायचे असल्यास झाकणातही दिवा असलेला फ्लॅटबेड स्कॅनर लागतो; कागदपत्रांच्या साध्या स्कॅनरवर निगेटिव्ह काळीच येते. घेण्याआधी त्या दिव्याची खिडकी किती रुंद आहे ते जरूर बघा. एप्सन व्ही६००मध्ये ४×५ची निगेटिव्ह एका वेळी मावत नाही, व्ही८५०मध्ये ८×१०देखील बसते. खोक्यावरच्या ६४०० डीपीआयवर मात्र विसंबू नका. खरा तपशील त्याच्या निम्म्याहूनही कमी असतो, उगाच फाइल फुगते.

डिजिटल कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स (अगदी जवळून फोटो काढणारी) आधीच असेल तर आमचा सल्ला कॅमेऱ्याचाच. चांगल्या प्रतीचे एलईडी लाइट पॅनल घ्या, निगेटिव्हभोवतीचा उजेड काळ्या कार्डाने झाका, खोलीत अंधार करा, लेन्सचे छिद्र एफ/८ला ठेवून रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला) फोटो काढा. सगळी मेहनत कॅमेरा फिल्मला समांतर ठेवण्यात आहे. त्यासाठी फिल्मच्या जागी छोटा आरसा ठेवा. लेन्सचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यभागी दिसले की जमले. २४ मेगापिक्सेलच्या एका फोटोत ४×५चे साधारण १००० डीपीआय मिळतात. जास्त हवे असेल तर निगेटिव्ह सरकवत, कडा एकमेकींवर येतील असे चार-सहा फोटो काढून जोडा.

धूळ आधीच ब्लोअरने उडवा, कापडाने पुसू नका. स्कॅनरची इन्फ्रारेड धूळसफाई नेहमीच्या कृष्णधवल फिल्मवर चालत नाही, कारण तिच्यातली चांदी इन्फ्रारेड किरण अडवते. फिल्मची चकचकीत बाजू काचेला टेकली तर इंद्रधनुषी वलये उमटतात, म्हणून होल्डर वापरा.

व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या निगेटिव्ह वेगळ्या काढून सर्वांत आधी स्कॅन करा. अ‍ॅसिटेट फिल्म खराब होऊ लागल्याचे ते लक्षण आहे. कडेवर ‘नायट्रेट’ छापलेली फिल्म झटकन पेट घेते. ती आणण्याआधी आम्हाला कळवा.

आमच्याकडे येण्यापूर्वी सगळ्या निगेटिव्हचे लाइट पॅनलवर मोबाइलने फोटो काढून त्यांचे रंग उलटे करून (काळ्याचे पांढरे) बघा. भिंतीवर मोठी लावायची असतील तेवढीच चित्रे निवडून आणा. बाकीच्यांना घरचा स्कॅन पुरतो.