बेघरपणा प्रतिबंध (सांगली)

माणूस उघड्यावर येण्याआधीच त्याचे छप्पर टिकवण्यासाठी, आणि तो आलाच तर त्याला पुन्हा घराला लावण्यासाठी शासन, महापालिका व सेवाभावी संस्था जे प्रयत्न करतात, त्यांना बेघरपणा प्रतिबंध म्हणता येईल. सांगली परिसरात हा प्रश्न बराचसा कृष्णेच्या पुराशी आणि जागेच्या कागदाशी निगडित आहे.

शेतजमिनीचे गुंठे पाडून विकलेल्या भूखंडांवर कष्टकऱ्यांनी घरे बांधली, पण त्यांना बिनशेती परवाना नसल्याने ती पाडली जाण्याची टांगती तलवार कायम राही. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने अशी बांधकामे शुल्क भरून नियमित करण्याची सोय केली. एकही नवी वीट न रचता घर वाचवणारा हा उपाय कोणत्याही घरकुल योजनेइतकाच महत्त्वाचा मानला पाहिजे. अर्थात घर सखल भागात असेल, तर पुरापुढे कागदाचे काही चालत नाही: कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट असताना ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेले. पडझडीची भरपाई घरमालकाला मिळते. भाडेकरूच्या वाट्याला फार तर कपडे व भांडीकुंडी यांची मदत येते, आणि दुसऱ्या भाड्याच्या घरासाठी अनामत देण्याची ऐपत नसलेले कुटुंब तिथेच अडते.

ग्रामीण भागात पंतप्रधान आवास व (अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठीच्या) रमाई आवास या योजनांतून घरकुले मिळतात. भूमिहीनांना 500 चौरस फुटांपर्यंतची जागा विकत घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून अर्थसाहाय्य मिळते. सुरुवातीला त्याची मर्यादा 50 हजार रुपये होती.

शहरातील निवारा केंद्रांना सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या आदेशाचा आधार आहे. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांसाठी कायमस्वरूपी निवारा हे प्रमाण ठरवले. सांगलीत ‘सावली’ हे केंद्र चालते. निवाऱ्याचे काम अंथरूण-जेवणावर संपत नाही. स्थानकावर किंवा मंदिराबाहेर सापडलेल्या वृद्धाची दाढी-अंघोळ, औषधोपचार, आधार कार्ड, नातेवाइकांचा शोध अशी ती साखळी असते, आणि बहुधा कागदपत्रांपाशी ती अडखळते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी राज्यातील 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. ज्याला पत्ताच नाही, त्याने तो कुठून आणावा, याचे उत्तर केंद्रचालकांना तहसील कार्यालयात हेलपाटे घालून मिळवावे लागते.